हिरवी, लाल आणि तेलाची वही

लोणावळा,
ता. १४ जून १९६८

॥ श्री ॥

चि. बजरंगास अनेक आशीर्वाद.

तुझं कार्ड पोचलं. शालूचा खोकला उतरला हे बरं झालं. अडुळशाचा काढा चालू ठेवावा, बाटलीतलं औषध संपलं म्हणून लगेच दुसरी बाटली आणू नये.

आता कामाचं. शेटजींना जाऊन श्रावणात वर्ष होईल. बाईसाहेब बंगला विकून दिवाळीआधी विलायतेला लेकीकडे जायच्या आहेत. परवा त्यांनी आम्हा दोघांना व्हरांड्यात बोलावलं आणि म्हणाल्या, "हौशीराम, वीस वरस तू आमच्या गाड्या सांभाळल्या. शेट सांगून गेला हाय, दोनमधली एक हौशीरामला. कुठली ते तू बोल. दुसरी मुंबईचा एक शोकीन माणूस घेणार."

यावर हे म्हणाले, "नको बाईसाहेब, काहीच नको," आणि टोपी उचलून पायऱ्या उतरले. वीस वर्षांत यांनी त्या बाईंना पाठ दाखवलेली मी पाहिली नव्हती. मी तिथेच उभी. बाईसाहेब म्हणाल्या, "मग मुक्ता, तू बोल. सप्टेंबरपर्यंत."

घरी येऊन विचारलं तर हे म्हणतात, "तुला हवी ती घे. मला त्यात घालू नकोस." गुडघा दुखतो म्हणून चिडले असतील.

तेव्हा तू सांग. तू डेपोत रोज इंजिनं उघडतोस. दोन्ही विलायती एम.जी.च. हिरवी टीसी अठ्ठेचाळीस सालची, लाल टीडी बावन्नची. दोन्हींत माणसं दोनच बसतात, आणि तांदळाचं पोतं एकीतही उभं राहत नाही. मला त्या माहीत आहेत त्या पुसण्यापुरत्या. हिरवीच्या चाकाला अठ्ठेचाळीस तारा आहेत. दोन चाकं आणि तिसऱ्याच्या बारा तारा पुसल्या की एकशे आठ होतात. दर तारेला एक नाम घ्यायचं, माळ पुरी होते आणि चाकंही लखलखतात. लालची चाकं पत्र्याची थाळी ठोकल्यासारखी. फडकं फिरवलं की संपलं, देवाचं नाव घ्यायलाही सवड नाही.

दसऱ्याला दोघींची ओटी मीच भरते. एवढीच माझी ओळख. पूजा आटोपली की हे स्वतः खण-नारळ उतरवतात आणि खणाची घडी घालून माझ्या हातात देतात. मी पौर्णिमेपर्यंत ठेवायची म्हटलं तरी ऐकत नाहीत, "मळंल" म्हणतात. पुरुषाला एवढी काटकसर कळते हे माझं भाग्य.

उत्तर लवकर दे, पण पाकिटात नको. कार्डात मावेल.

तुझी आक्का


देहूरोड,
ता. १९ जून १९६८

तीर्थरूप आक्कास बजरंगचा दंडवत.

कार्डात मावना म्हणून पाकीट घेतलंय, रागावू नको.

दाजींचं नशीब उघडलं. शालू तर म्हनती, आता आक्का डोळ्याला काळा चश्मा लावून फिरनार.

आता इचारलंस म्हणून सांगतो. दोन्हीचं इंजिन एकाच घराण्यातलं, साडेबाराशे सीसीचं. फरक खाली हाय. हिरवीच्या स्प्रिंगा कडक, फुडचा आक्सल सरळ पहारीवानी. रस्त्यात खडा आला तर दातापतूर कळतं. पत्र्याच्या आत लाकडाचा सांगाडा, वळनावर कुरकुरती. स्टेरिंग सैल, हिला सारखं समजावत न्यावं लागतं. लालची फुडची चाकं सुटी सुटी उडत्यात, त्यानं आतल्या मानसाला झोप लागंल. स्टेरिंग हलकं, शीट रुंद, ब्रेक धरून हाय. चालवायला लालच बरी.

पर शोकीन मानसाला इचारशील तर तो हिरवी म्हनंल. उंच चाकं, लांब पंख, काच पुढं आडवी पडती. तसल्या गाड्या फक्त दहा हजार झाल्या. लाल त्याच्या तिप्पट निगाल्या. जे थोडं असतं त्याच्यामागं लोक धावत्यात.

दाजींच्या गुडघ्याचा इचार केला तर लाल घे. नावाचा केला तर हिरवी.

बजरंग


लोणावळा,
ता. १ जुलै १९६८

॥ श्री ॥

चि. बजरंगास आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि काल रविवारी छपरीत जाऊन दोन्ही गाड्यांत बसून पाहिलं. वीस वर्षांत पहिल्यांदा. पाय धुऊन बसले.

हिरवीत बसताना गुडघा छातीशी येतो. बसलं की मात्र समोरचं बॉनेट लांबच लांब दिसतं, देवळाच्या सभामंडपातून गाभाऱ्याकडे पाहावं तसं. लालमध्ये आपण बसलोय असं वाटतच नाही, पाटावर बसल्यासारखं सरळ. हे बाहेर बाकावर बसले होते. मी विचारलं, "तुम्ही यात बसता तेव्हा कुठली बरी वाटते?" तर म्हणाले, "दोन्हीत माझं मन न्हाई." आणि रविवारी इंजिन चालू करून ठेवायचा नेम आहे, तोही काल मोडला.

मी लाल घ्यायचं ठरवत आले आहे. माळ तुळशीची आहे घरात, तारांवाचून अडणार नाही. यांच्या गुडघ्याला लाल सोयीची. हिरवी त्या शोकीनांना जाईल.

त्यांचंही पत्र आलंय बाईसाहेबांना. सप्टेंबरात स्वतः येऊन भिंगाने बघणार आहेत. गाडीच्या पेटीवरचा नंबर आणि इंजिनावरच्या पितळी चकतीवरचा नंबर कारखान्याच्या कागदाशी जुळतो का, हे पाहणार. मुलामुलीची पत्रिका बघतात तसं. बाईसाहेब हसून म्हणाल्या, "अमारी हिरवी तो कुंवारी छे, बीजा कोई इंजिननं मोढुं पण नथी जोयुं." मला समजलं ते एवढं, की हिरवी कुमारी आहे, दुसऱ्या कुठल्या इंजिनाचं तोंडही तिने पाहिलेलं नाही. हे मात्र हसले नाहीत, उठून बागेला पाणी घालायला गेले. पाऊस पडत होता.

तुझी आक्का


देहूरोड,
ता. ९ जुलै १९६८

आक्कास नमस्कार.

तू हिरवी घे. मी पयल्या पत्रात चुकीचं लिवलं. हिरवीचं पुढं लय नाव होनार हाय. घरात झाकून ठेव, कुणाला दावू नको. लाल त्या गृहस्थाला जाऊं दे, त्याच्याकडं आनिक तसल्या गाड्या हाईत, तो लालचे पार्टच काढनार. त्याला हिरवीच्या इंजिनाला हात लावू देऊ नको.

दाजींना जास्ती इचारू नको. ते माझ्यापरीस शाने हाईत.

घाईत लिवतोय, डेपोची शिट्टी झाली.

बजरंग


लोणावळा,
ता. २१ जुलै १९६८

॥ श्री ॥

बजरंग,

तुझी दोन पत्रं शेजारी ठेवून वाचली. वीस दिवसांत तुझ्या लेखी लाल गाडी रद्दी झाली आणि हिरवी घरात झाकून ठेवायची वस्तू. लहानपणी मडकं फोडलंस की तू असाच भराभर बोलायचास.

म्हणून मी वही काढली. तुला आठवत असेल, शेटजींनी गाड्यांची वही माझ्याकडे दिली होती, मॅट्रिक झालेली बाई म्हणून. हे येऊन सांगायचे आणि मी लिहायचे. किती मैल, किती पेट्रोल, किती तेल, किती पाणी. हिरवीची पानं वहीच्या पुढून, लालची मागून. मी ओळीमागून ओळ लिहिली, पण दोन पानं कधी एकत्र वाचली नव्हती. आता ग्यानबा माउलींच्या फोटोपुढे बसून सगळी वाचली.

हिरवी पहिल्यापासून तेल खायची. शंभर मैलांना पाऊण पाइंट. लाल नवी, तिला महिन्यातून एकदा दाखवायला घालावं लागे. हे एकोणसाठ सालच्या दसऱ्यापर्यंत. नंतर तेरा दिवस दोन्ही पानं कोरी. आणि दिवाळीपासून हिरवीने तेल मागणं सोडलं. लाल मात्र शंभर मैलांना पाऊण पाइंट पिऊ लागली, वर तिला पाणीही लागायला लागलं. दोघींच्या भुका एका पंधरवड्यात अदलाबदल झाल्या. पुढची नऊ वर्षं तशाच.

भूक इंजिनाला असते, पत्र्याला नसते, एवढं मलाही कळतं.

तेव्हा तू दसऱ्याला रजेवर आमच्याकडे होतास. मी दुसऱ्या दिवशी आपल्या धाकट्या बहिणीच्या, हिराच्या बाळंतपणाला सोमाटण्याला गेले. परत आले तेव्हा तुझ्याकडे नवी सायकल होती. ती कुठून आली, कधी विचारलं नाही. आज विचारते.

वीस वर्षं यांनी त्या बंगल्यात स्क्रूसुद्धा खिशात घातला नाही. सप्टेंबरात तो माणूस भिंग घेऊन येईल. त्याने इंजिनं बदललेली ओळखली तर लोक तुझं नाव घेणार नाहीत. म्हणतील, ड्रायव्हरने खाल्लं. यांची एक इस्टेट आहे ती म्हणजे यांचा शब्द. ती तू कशापायी उधळलीस ते लिही.

शालूला हे पत्र दाखवू नकोस. तिचा काय दोष.

आक्का


देहूरोड,
ता. ११ ऑगस्ट १९६८

आक्कास,

तीन आठवडे लिवलं न्हाई. लिवलं आन फाडलं.

पयलं सायकलीचं. ती शालूच्या बापानं लग्नात कबूल केलती, दोन वर्सांनी दिली. तुला वाटलं मी शेटजींचं इंजिन इकलं. हे मी इसरनार न्हाई, पर तुझ्याजागी मी असतो तर मलाबी तसंच वाटलं असतं.

आता खरं. दाजींनी मला तुझी आन घातलीया, ती आज मोडतो.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तू सोमाटण्याला गेलीस. दाजींना ताप. शेटजींच्या एका पाव्हन्याची आगगाडी चुकली, त्याला खोपोलीला सोडायचं होतं. दाजी म्हनले, बजरंग, हिरवी घेऊन जा, सावकाश. मी गेलतो. उतरताना काय झालं न्हाई. येताना घाट चढायचा. आक्का, तू आदल्या दिवशी हिरवीची ओटी भरलीस. फुडच्या जाळीवर हिरवा खण ताणून बांधलास, त्यावर झेंडूचा येवढा जाड हार, आंब्याची डहाळी. आन मला बजावलंस, "कोजागिरीपर्यंत ओटी हलवलीस तर गाठ माझ्याशी." मी हलवली न्हाई. मला तुझी भीती होती, देवीची बी होती.

जाळीतनं वारा शिरायला जागा न्हाई. अर्ध्या घाटात पाण्याच्या गरमीचा काटा तांबड्या रेघेवर गेला, वाफ निगाली. मी उतरलो. थंड होईस्तवर थांबायचं सोडून घाबरलो आन झऱ्याचं गार पाणी भडाभडा आत ओतलं. आतनं टक् करून आवाज आला. इंजिनाच्या ब्लॉकला चीर गेली.

मालट्रकला बांधून गाडी वर आनली. दाजी तापात उठून छपरीत आले. खण सोडला, बघितला, घडी घातली. मग म्हनले, शेटजी दिवाळीला येतील आन दर रविवारी हिरवीच मागतील. म्हनून लालचं इंजिन काढून हिरवीत बसवलं. हिरवीच्या ब्लॉकची चीर एका कारागिराकडनं पितळ ओतून बुजवली आन तो लालमधी बसवला. चकत्या मी बदलल्या, दाजी नको म्हनत होते. नंबर जुळत्याल. पर जानकार मानूस चकती बघत न्हाई, ब्लॉकचं कारखान्यातलं ओतीव काम बघतो. म्हनून म्हनलं, हिरवी घरात ठेव.

मी म्हनलं, दाजी, आक्काला सांगू, शेटजींना सांगू. दाजी म्हनले, "शेटजींना सांगायचं तर कारण सांगावं लागंल. आन तिला कळलं तर ती पुन्यांदा देवाफुडं उभी ऱ्हायली की हेच आठवंल. पूजाच सोडंल. एक इंजिन गेलं, तिचा देव कशाला घालवायचा?"

म्हनून ते दर दसऱ्याला खण लगेच उतरवत्यात. काटकसर न्हवं ती.

चूक खणाची थोडी, पाणी ओतलं ती माझी. तू जे ठरवशील ते.

बजरंग


लोणावळा,
ता. १६ ऑगस्ट १९६८

॥ श्री ॥

चि. बजरंगास अनेक आशीर्वाद.

सायकलीबद्दल लिहिलं ते मी मागे घेते. तुझ्यावर आळ घेतला, तो माझा अपराध. शालूच्या वडिलांनाही मनातल्या मनात नमस्कार केला.

तुझं पत्र आलं त्या दिवशी स्वयंपाक केला, वाढलं, आवरलं. मग यांना म्हटलं, "एकोणसाठचा तो खण मला आठवतो. त्याला मधोमध तांबूस डाग होता. मी म्हटलं रंग कच्चा निघाला. डाग बाजूला ठेवून हिराच्या बाळाला टोपडं शिवलं."

यांनी हातातली सुपारी कातरून संपवली. मग म्हणाले, "बजरंगाच्या पोटात काही राहत नाही."

"नऊ वर्षं राहिलं की," मी म्हटलं.

"माझ्या राहिलं असतं अजून."

"बाईसाहेबांनी गाडी देऊ केली तेव्हा पाठ फिरवलीत ती म्हणूनच ना?"

तर म्हणतात, "ज्या धन्याला फसवलं त्याची बक्षिशी कुठल्या तोंडाने घेऊ?"

बजरंग, तू म्हणतोस हिरवी घरात ठेव. मग लालमध्ये हिरवीचं चिरलेलं इंजिन जाईल, खोटी चकती लावून. लाल ठेवली तर हिरवी खोटी जाईल. कुठलीही घेतली तरी दुसऱ्या हाताने त्या माणसाला फसवलंच. तो पार्ट काढो नाहीतर पूजा करो, ती त्याची मर्जी.

मी पूजा सोडणार नाही. यांना तशी भीती वाटली याचं मात्र नवल वाटलं. देवी मला म्हणाली नव्हती की खण जाळीवरच बांध. ते मी ठरवलं, शोभून दिसतं म्हणून.

काल सकाळी बाईसाहेबांकडे एकटी गेले आणि सगळं सांगितलं. खण, हार, घाट, चकत्या. तुझं पाणी ओतलेलंही सांगितलं, कमी केलं नाही. मग त्यांनी विचारलं, "हौशीरामला माहीत हाय, तू इथे आली?" मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, "शेटला माहीत असता तर त्याने हौशीरामला काढला असता. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी पाछो बोलावला असता." आणि रुमाल शोधू लागल्या.

आता तू रजा काढ. इंजिनं ज्याची त्याला परत बसवायची, चकत्याही. त्या गृहस्थांना बाईसाहेबांनी पत्र घातलं आहे. नको म्हणाले तर नको.

तुझी आक्का


देहूरोड,
ता. २५ ऑगस्ट १९६८

आक्कास नमस्कार. रजा मंजूर, गनपती बसवून एकतीस तारखेच्या लोकलनं येतो. इंजिन उचलायला दोन साखळ्या, लाकडी तिकाटनं आन दाजींचे दोन शाबूत हात लागतील. पुरनपोळी नको, चार दिस भाकरी-पिठलं पुरं. आन आक्का, छपरीत आगरबत्ती लावायची आसंल तर पेट्रोलपासनं लांब लाव. शालूनं हे लिवायला सांगितलंय, मी न्हाई.

बजरंग


लोणावळा,
ता. ३ ऑक्टोबर १९६८

॥ श्री ॥

चि. बजरंगास व सौ. शालूस अनेक आशीर्वाद. सोनं पाकिटात घातलं आहे, पानं दोनच आहेत, भांडू नका.

तू गेल्यावर दहा दिवसांनी ते मुंबईचे गृहस्थ आले. भिंग होतं, पांढरे हातमोजेही होते. हिरवीचं इंजिन त्यांनी दोन तास पाहिलं. पितळ ओतलेली चीर बोटाने चाचपली. यांना म्हणाले, "कोणी बुजवली? काम चांगलं आहे." हे म्हणाले, "चीर आमचीच, साहेब." एवढंच. पण मान वर होती.

मग त्यांनी वही मागितली. बाईसाहेबांनी लिहिलं होतं वहीबद्दल. मी आदल्या रात्री त्या कोऱ्या जागेत भरून ठेवलं होतं. तारीख, आणि पुढे, "ओटीचा खण व हार जाळीवर बांधल्याने वारा बंद. पाणी उकळले. गार पाणी ओतल्याने ब्लॉकला चीर. इंजिने बदलली. आज १९६८ साली परत जागेवर." खाली माझी सही. हे म्हणाले होते, "पूजा कशाला वहीत?" मी म्हटलं, "बाकी सगळं आहे, मग एवढंच का नको?"

त्यांनी ते वाचून बाईसाहेबांना इंग्रजीत विचारलं, खण म्हणजे काय. बाईसाहेब म्हणाल्या, "बैरांना पोलकानं कापड," म्हणजे बायकांच्या चोळीचं कापड. त्या गृहस्थांनी वही मिटली. मग म्हणाले, हिरवी हवी, चिरेसकट, आणि वहीसकट. गाडीला दुसरीचं निरोगी इंजिन असण्यापेक्षा तिचं स्वतःचं जोडलेलं असलेलं त्यांना चालतं. मी लालची पानं सोडवून ठेवली, हिरवीची त्यांना दिली. शिवणीचा दोरा परत गुंडाळून ठेवला आहे.

हिरवी गेली त्या दिवशी मी तारा पुसल्या. एक माळ झाली, वर छत्तीस नामं जास्त. तीन चाकं पुरी करावीशी वाटली. हे म्हणाले, चौथं राहिलं. मी म्हटलं, ते मुंबईत कोणीतरी पुसेल.

लाल आपल्या वलवणच्या घरी आली आहे. पत्र्याचं छप्पर केलं. तिचं स्वतःचं इंजिन आलं तशी तेल मागायची थांबली आहे. नवीन वही घातली, तुझ्या भाच्याची जुनी, मागची पानं कोरी होती.

परवा दसरा झाला. मी ओटी भरली. खण जाळीवरच बांधला, सवयीने हात तिकडेच गेला. हळदीकुंकू वाहिलं, नारळ ठेवला, नमस्कार केला. हे बाजूला उभे होते, दर वर्षी उभे राहतात तसे, पूजा संपायची वाट बघत. नऊ वर्षं मला वाटायचं, किती भक्तीने उभे आहेत.

या वर्षी त्यांनी हात पुढे करायच्या आत मीच गाठ सोडली. खणाची घडी घातली, हार काढून पाठीवरच्या जादा चाकाला अडकवला. जाळीतून हात आत घालून पाहिला, मोकळी आहे.

मग किल्ली यांच्या हातात दिली आणि शेजारी जाऊन बसले. कार्ल्याला एकवीरेच्या पायथ्यापर्यंत जाऊन आलो. काटा एकदाही वर गेला नाही.

तुझी आक्का